बांध नेमका कुठे?

गेल्या उन्हाळ्यात गावाकडं मोजणी होती. आमच्या आणि आप्पांच्या शेताच्या मधल्या बांधाची. आप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, तसं बोलणं बंद वगैरे काही नाही, लग्नाकार्यात पंगतीला मांडीला मांडी लावून बसतात, पण बांधावर आले की दोघांचाही आवाज चढतो. भांडण किती जागेचं, तर अडीच फुटांचं. वडिलांचं म्हणणं, आप्पांनी वीस वर्षं नांगराच्या दर पाळीला बोटभर-बोटभर बांध कोरला. आप्पांचं म्हणणं, बांध पावसानं सरकला आणि सरकून तो त्यांच्याच अंगावर आला, म्हणजे नुकसान त्यांचंच झालंय आणि वर नाव पण त्यांचंच खराब.

मी नांदेडला क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो, त्यामुळं घरात असा समज आहे की मोजमाप म्हणजे माझा विषय. म्हणून मला रजा काढून बोलावलं होतं. मी तिथं जाऊन काय करणार होतो देव जाणे, पण गेलो.

मोजणीवाले साहेब रोव्हर घेऊन आले होते. ती एक उंच काठी असते, तिच्या डोक्यावर पांढऱ्या वाटीसारखं यंत्र, ते सॅटेलाईटशी बोलतं आणि काठी जिथं टेकली तिथला पत्ता सांगतं. आप्पांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मी चाटच पडलो. म्हणाले, "साहेब, हे किती बारीक दाखवतंय?" साहेब म्हणाले, दोन-तीन सेंटीमीटर इकडंतिकडं. आप्पा म्हणाले, "आन जुना नकाशा कितीचा बारीक हाय?"

साहेब नुसते हसले.

हा प्रश्न माझ्या क्लासमधल्या दीडशे पोरांपैकी एकानं विचारला असता तर मी त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. कारण आपल्याकडची जुनी मोजणी व्हायची साखळीनं, ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, ३३ बाय ३३ झाला की एक गुंठा. म्हणजे एक आणा दोन फुटांच्या वर. आणि नकाशावरच्या रेघेचं काय? आठ हजारास एक अशा स्केलचा नकाशा धरा, त्यावर टोकदार पेन्सिलीनं पाव मिलिमीटरची रेघ ओढली तरी तीच रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद होते. साडेसहा फूट! ज्या अडीच फुटांवरनं दोन भाऊ वीस वर्षं भांडतायत ते अडीच फूट त्या रेघेच्या पोटात आहेत. नकाशाला ते माहीतच नाहीत. नकाशात बांध "चुकीचा" नाहीये, त्या बारकाईला नकाशात बांध नाहीच आहे.

आणि तिथं, डोक्याला रुमाल बांधून उन्हात उभं राहिल्या राहिल्या मला भलतंच आठवायला लागलं. फिजिक्समधला एक बांध आहे, एका बाजूला क्वांटम आणि दुसऱ्या बाजूला क्लासिकल (पुस्तकात त्याला अभिजात म्हणतात, पण क्लासमध्ये आम्ही क्लासिकलच म्हणतो). अलीकडं इलेक्ट्रॉन, अणू, एकाच वेळी दोन वाटांनी जाणारे, पलीकडं आपण, बैल, ट्रॅक्टर, आप्पा. त्या बांधाचं भांडण शंभर वर्षं चाललंय. आणि तिथंही प्रत्येकजण बांध कुठाय हेच विचारतो, नकाशा कितीचा बारीक आहे हे विचारणारे फार थोडे.

दरवर्षी साधारण डिसेंबरच्या आसपास आमचा ड्युअल नेचरचा चाप्टर येतो आणि दरवर्षी कुणीतरी पोरगं विचारतंच, सर, इलेक्ट्रॉन जर वेव्ह आहे तर क्रिकेटचा बॉल का नाही? याचं उत्तर माझं पाठ आहे. दीडशे-एकशेसाठ ग्रॅमचा बॉल, सेकंदाला चाळीस मीटरच्या वेगानं आला, डी ब्रॉयचं सूत्र लाव, वेव्हलेंग्थ किती आली? दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं आणि मग एक, तेवढे मीटर. बॉलच्या साईजपुढं हे काहीच नाही, म्हणून वेव्ह दिसत नाही, चला पुढचं गणित घ्या. पोरं लिहून घेतात. नीटमध्ये एवढंच लागतं.

पण हे उत्तर अर्धवट आहे, आणि मला ते बरीच वर्षं माहीत असून मी तेच देतोय, हे आज इथं कबूल करून टाकतो.

कारण १९९९ साली व्हिएन्नामध्ये अँटोन झायलिंगर, मार्कुस आर्न्ट आणि त्यांच्या ग्रुपनं काय केलं बघा. त्यांनी कार्बनचे साठ अणू असलेला, फुटबॉलसारखा दिसणारा रेणू घेतला, सी-६० म्हणतात त्याला, तो भट्टीत तापवून त्याची वाफ बारीक फटींच्या जाळीतून सोडली. त्या रेणूची वेव्हलेंग्थ होती साधारण अडीच पिकोमीटर. आणि रेणूची स्वतःची साईज? त्याच्या तीनशे-चारशे पट. म्हणजे माझ्या क्लासमधल्या उत्तराप्रमाणं "साईजपुढं वेव्हलेंग्थ काहीच नाही", विषय संपला. पण पलीकडं इंटरफेरन्सचा पॅटर्न (दोन वाटांच्या लहरी एकमेकींत मिसळून उठणारे पट्टे) आला, स्वच्छ आला. पुढं २०१९ मध्ये त्याच आर्न्ट यांच्या ग्रुपनं हायड्रोजनच्या अणूच्या पंचवीस हजार पट वजनाचे रेणू घेतले, जवळपास दोन हजार अणूंचं एकेक धूड, तेही दोन वाटांनी गेले.

म्हणजे "लहान ते क्वांटम, मोठं ते क्लासिकल" हा जो बांध आपण शाळेपासून मानत आलो तो कुणी गाडलेला दगड नाहीये. तो कोरला जातोय. दर काही वर्षांनी कुणीतरी नांगर घेऊन येतं आणि बोटभर आत शिरतं.

मग नेमकं अडतं कुठं? बॉलचा पॅटर्न का दिसत नाही? याची मला दोन उत्तरं माहीत आहेत आणि दोन्ही मोजण्याशीच येऊन थांबतात, पण वेगवेगळ्या बाजूंनी.

पहिलं उत्तर मला त्याच व्हिएन्नाच्या लॅबमधल्या २००४ च्या एका प्रयोगातनं कळलं आणि तो प्रयोग माझा फारच लाडका आहे. यावेळी सत्तर कार्बनचा रेणू. त्यांनी काय केलं, पॅटर्न व्यवस्थित येत असताना जाळीच्या आधी रेणूंना लेसरनं तापवायला सुरुवात केली. थोडं तापवलं, पॅटर्न तसाच. अजून तापवलं, पॅटर्न फिका पडला. खूप तापवलं, पॅटर्न गेला, उरला नुसता सपाट ढीग, जसा ज्वारीच्या दाण्यांचा पडेल तसा. का गेला? तापलेली वस्तू प्रकाश टाकते, लोखंड लाल होतं ना तसं. तापलेला रेणू जाता जाता फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडतो आणि तो फोटॉन हिंडत राहतो ही बातमी घेऊन की रेणू इकडनं गेला का तिकडनं. कुणी माणूस तो फोटॉन पकडत नाही, वाचत नाही, वहीत लिहीत नाही. पण बातमी बाहेर पडली एवढंच पुरतं.

म्हणजे रेणूनं स्वतःचीच चुगली केली. आणि चुगली झाली की दोन वाटांनी जाणं बंद.

याला डिकोहिरन्स म्हणतात, डीटर झे या जर्मन माणसानं १९७० च्या सुमारास हा विचार मांडायला सुरुवात केली तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही, नंतर ऐंशीच्या दशकात वोइचेख झुरेकनं तो पुढं नेला. सार असं की निसर्गात मोजणी करायला साहेब लागत नाही, हवेचा प्रत्येक कण, उन्हाचा प्रत्येक किरण येताजाता मोजणी करूनच जातो. क्रिकेटचा बॉल तर काय, असंख्य फोटॉन आणि हवेचे असंख्य रेणू त्याला हात लावून जातायत, गावात नवीन सून आली की कशा बायका बघून जातात तसं. तो एकटा कधी नसतोच. आपल्या खेड्यात माणूस लपूनछपून काही करू शकत नाही याचं कारण खेडं लहान हे नाही, खेड्यात बघणारे फार.

त्या सत्तर कार्बनवाल्या प्रयोगात मला सगळ्यात काय आवडतं सांगू का, तो फिका पडण्याचा भाग. बांध एका झटक्यात येत नाही. थोडं तापवलं तर थोडा क्लासिकल, जास्त तापवलं तर जास्त क्लासिकल. पॅटर्न किती उरला हे आलेखावर हळूहळू उतरत जाणारी रेघ म्हणून दिसतं आणि थिअरीनं सांगितलं होतं तसंच दिसतं. तिथं उभं राहून "हा इथनं पुढं आमचा" असं म्हणायला जागाच नाही.

आता दुसरं उत्तर, जे आप्पांच्या प्रश्नाचं सख्खं भावंड आहे.

समजा कुणी बघतच नाहीये. हवा नाही, प्रकाश नाही, चुगली नाही, पूर्ण बंदोबस्त. अशा वेळी मोठी वस्तू क्वांटम दिसेल का? २००७ मध्ये योहानेस कोफ्लर आणि चास्लाव्ह ब्रुकनर या दोघांनी (हे पण व्हिएन्नाचेच, तिथल्या पाण्यात काहीतरी आहे) दाखवलं की तरीही दिसेलच असं नाही, कारण तुमची साखळी जाडी आहे. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. एक चुंबक घ्या ज्यात समजा एकावर वीस शून्यं एवढे छोटे छोटे स्पिन (एकेक म्हणजे इवलंसं चुंबकच) आहेत. त्याचा जो क्वांटम धुरळा आहे, म्हणजे अनिश्चितता, ती साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते, एकावर दहा शून्यं. ऐकायला केवढी मोठी! पण एकूण चुंबकाच्या मानानं ती हजार कोटीत एक एवढीच. म्हणजे तो धुरळा बघायचा असेल तर तुमचं यंत्र हजार कोटीत एक एवढं बारीक पाहिजे. चार किलोमीटरचं अंतर मोजताना केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून कमी चूक, असं. त्याहून जाडं मोजलंत की तुम्हाला जे दिसतं ते सरळ न्यूटन. क्वांटमचे नियम तसेच चालू आहेत, कुणी ते बंद केलेले नाहीत, फक्त तुमच्या साखळीच्या एका आण्यात ते मावून गेलेत.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला थोडं अपमानास्पदच वाटलं होतं खरं तर. म्हणजे न्यूटन, ज्याच्यावर आपलं सगळं उभं आहे, धरणं, पूल, उसाच्या ट्रॉल्या, तो काय आपल्या जाड्या चष्म्याची देणगी? पण नंतर वाटलं की देणगीच आहे, आणि भारी आहे. सगळ्यांचे काटे गुंजेगुंजेचा हिशेब दाखवायला लागले तर बाजार उठेल.

(इथं एक प्रामाणिक फाटा फोडतो. त्याच दोघांनी वर्षभरात हेही दाखवलं की नुसत्या जाड्या मोजणीनं प्रत्येक वेळी काम होत नाही, काही विचित्र प्रकारची गती अशी असू शकते की जाड्या साखळीनं मोजूनही क्वांटमपणा उघडा पडेल. फक्त तशी गती घडवून आणणं महाकठीण. त्यामुळं माझं मत असं की दोन्ही उत्तरं लागतात, बघणारेही फार आणि साखळीही जाडी. नुसत्या एकावर समाधान मानणारे लोक मला जरा घाईचे वाटतात.)

मोजण्याच्या मर्यादेची गोष्ट निघाली की हायझेनबर्गचं नाव टाळता येत नाही, पण त्याची जी गोष्ट मला सांगावीशी वाटते ती अनसर्टन्टी प्रिन्सिपलची नाही, त्याच्या तोंडी परीक्षेची आहे. जुलै १९२३, म्युनिक. पोराचा गाईड झोमरफेल्ड, थिअरीत पोरगं हुशार, पण परीक्षेला बसलेला प्रयोगवाला प्रोफेसर विल्हेम व्हीन. त्यानं विचारलं, फाब्री-पेरो इंटरफेरोमीटरची रिझॉल्व्हिंग पॉवर सांग, म्हणजे ते यंत्र किती बारीक फरक वेगळा दाखवतं ते. नाही आली. बरं, मायक्रोस्कोपची सांग. नाही आली. बॅटरी कशी चालते? तेही नाही. व्हीन चिडला, नापासच करणार होता, झोमरफेल्डनं सांभाळून घेतलं आणि हायझेनबर्ग कसाबसा काठावर पास झाला. आमच्याकडं प्रॅक्टिकलला व्हर्निअरचा लीस्ट काउंट (यंत्र बारीकात बारीक किती मोजतं ते) विचारला की जे पोरगं आढ्याकडं बघतं ना, तसाच हा.

चार वर्षांनी, १९२७ मध्ये, त्यानं अनसर्टन्टीचा पेपर लिहिला आणि समजवायला उदाहरण कशाचं घेतलं? मायक्रोस्कोपचंच. गॅमा किरणांनी इलेक्ट्रॉन बघायचा, बघताना फोटॉनचा धक्का बसतो, म्हणून जागा नीट कळली की वेग बिघडतो. आणि त्यात चूक कुठं सापडली? नील्स बोरनं दाखवलं की नुसत्या धक्क्यानं भागत नाही, धक्का किती बसला ते मोजून हिशेबातनं वजा करता आलं असतं. खरी अडचण अशी की भिंगाचं तोंड रुंद असतं, फोटॉन त्या तोंडात कुठल्या कोनातनं शिरला हे कळत नाही, आणि तोंड अरुंद केलं तर चित्र धूसर होतं. डोकं झाकावं तर पाय उघडे. म्हणजे पुन्हा रिझॉल्व्हिंग पॉवर! व्हीननं विचारलेलाच प्रश्न. हायझेनबर्गला पेपर छापायला जाता जाता खाली टीप जोडावी लागली.

आपल्याकडं अजून कित्येक पुस्तकं "मोजलं की धक्का बसतो" एवढ्यावरच हा विषय संपवतात. तो धक्का आणि मुळातली अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जपानच्या मासानाओ ओझावानं २००३ मध्ये त्यांचा हिशेब वेगळा करून दाखवला आणि २०१२ मध्ये व्हिएन्ना आणि टोरंटोत प्रयोगांनी तो तपासला गेला. पण सिलॅबसला कोण सांगणार.

तर फाब्री-पेरो. हे नाव लक्षात ठेवा, कारण हे यंत्र आता आमच्या गावाच्या जिल्ह्यात, हिंगोलीत, येणार आहे.

औंढा नागनाथला ज्योतिर्लिंग आहे हे सगळ्यांना माहीत. त्याच औंढ्याजवळ लायगो इंडिया उभं राहतंय, गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशातच उठणारे तरंग, पकडायचं केंद्र. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं साधारण २६०० कोटींची मंजुरी दिली. गावाकडं सगळे त्याला "लिगो" म्हणतात आणि जमिनीचे भाव त्याच्या नावानं वर गेलेत, लहरी सापडोत न सापडोत. आणि आमच्याच जिल्ह्यात वसमत तालुक्यात पांगरा शिंदे भागात जमिनीतनं गूढ आवाज येतात, २०२४ च्या मार्चमध्ये सकाळी सकाळी ४.५ तीव्रतेचा भूकंप होऊन भांडी पडली होती, तेव्हा पारावर चर्चा हीच, की लय शांत जमीन पाहिजे म्हणून इथं आले आणि जमीनच बोलायला लागली. असो. जमीन हलणं हा या यंत्राचा पहिला शत्रू आहेच, अमेरिकेतल्या दोन लायगोंमध्ये त्यासाठी आरसे एकाखाली एक चार लोलकांना टांगतात, शेवटचे धागे काचेचे, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक.

पण जमीन शांत केली, हवा काढून टाकली, आरसा टांगला, की उरतं कोण? तिथं माझा खरा जीव गुंतलाय.

यंत्र असं आहे. काटकोनात दोन बोगदे, प्रत्येक चार किलोमीटर. दोन्हीत लेसर, आणि प्रकाश दोन आरशांच्या मध्ये शेकडो वेळा येजा करतो, हेच ते फाब्री-पेरो ज्यावर हायझेनबर्गची दांडी उडाली. आरसा चाळीस किलोचा. चाळीस किलो म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडा कमी, दोन हातांनी उचलताना कंबर धरेल असा. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली तेव्हा चार किलोमीटरमध्ये फरक पडला तो प्रोटॉनच्या शेकडो पट लहान अंतराचा.

एवढं बारीक मोजायला गेलं की प्रकाश स्वतःच आडवा येतो. प्रकाश अखंड धार नाही, तो थेंबाथेंबानं येतो, पत्र्यावर पावसाचा तडतडाट होतो तसा. थेंब कमी असले की तडतड जास्त जाणवते, म्हणून म्हणाल लेसर वाढवा. वाढवला, तर तेच थेंब आरशाला ढकलायला लागतात, कधी जास्त कधी कमी, आणि आरसा हलायला लागतो. चाळीस किलोचा आरसा, प्रकाशाच्या थेंबांनी! एकीकडं कमी केलं की दुसरीकडं वाढतं आणि मध्ये कुठंतरी एक जागा येते जिच्या खाली साध्या मार्गानं जाताच येत नाही. मॉस्कोच्या व्लादिमिर ब्रागिन्स्कीनं साठच्या दशकातच हे ओळखलं होतं, तेव्हा अशी यंत्रं कागदावरसुद्धा धड नव्हती. त्याला स्टँडर्ड क्वांटम लिमिट म्हणतात. म्हणजे साखळीचा शेवटचा आणा, आणि तो लोहारानं नाही, निसर्गानं पाडलेला.

१९८१ मध्ये कार्लटन केव्ह्जनं अजून मजा केली. त्यानं विचारलं हा तडतडाट येतो कुठनं? आणि दाखवलं की तो लेसरच्या दारातनं येतच नाही, यंत्राचं जे दुसरं दार रिकामं आहे, जिथनं काहीच आत सोडत नाहीत, त्या दारातनं येतो. रिकामी पोकळीसुद्धा पूर्ण शांत नसते, तिचीही क्वांटम कुरकुर असते आणि ती त्या उघड्या दारातनं आत शिरते. मग उपाय काय, तर त्या दारातनं आपणच तयार केलेली, एका बाजूनं दाबलेली पोकळी सोडायची. उशी एका अंगानं दाबली की दुसऱ्या अंगाला फुगते, तर जिकडं आपल्याला मोजायचंय तिकडची बाजू दाबायची. २०१९ पासून दोन्ही अमेरिकन लायगोंमध्ये हे रोजच्या कामात आहे.

आणि २०२० मध्ये लायगोच्या लोकांनी लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या यंत्रावर मोजून दाखवलं की हा क्वांटम तडतडाट चाळीस किलोच्या आरशाला खरोखर हलवतो. किती? एक मीटर भागिले एकावर वीस शून्यं. खोलीच्या तापमानाला, बर्फात न ठेवता. पुढच्याच वर्षी त्यांनी चारही आरशांची मिळून जी एक हालचाल असते, जिचं हिशेबातलं वजन दहा किलो धरतात, ती मोजून मोजून उलटा धक्का देत इतकी शांत केली की तापमान ७७ नॅनोकेल्विन आलं, म्हणजे थंडीच्या शेवटच्या टोकाला जवळजवळ टेकलंच, क्वांटमच्या तळापासून दहा-अकरा पायऱ्या वर फक्त. आणि २०२४ मध्ये, दाबलेल्या पोकळीच्या जोरावर, ठराविक फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात ब्रागिन्स्कीच्या त्या मर्यादेच्याही खाली गेले.

आता सांगा, बांध कुठाय? चाळीस किलोचा आरसा बांधाच्या अलीकडं का पलीकडं? उचलणाऱ्या माणसाला विचारलं तर तो पलीकडचा, कंबर दुखतीये. लेसरला विचारलं तर अलीकडचा. आरसा तोच आहे. आरशात काही बदललं नाही, विचारणारा किती बारीक विचारतोय ते बदललं.

२०२५ चं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिसला मिळालं त्याचीही गोम हीच होती. १९८४-८५ मध्ये बर्कलीत त्यांनी हातात धरता येईल अशा चिपवरच्या सर्किटमध्ये अब्जावधी इलेक्ट्रॉनच्या जोड्या मिळून एकच कण असल्यासारखं टनेलिंग करतात, म्हणजे वाटेतली भिंत न चढताच पलीकडं निघतात, हे दाखवलं. बाकी सगळे टनेलिंगवर बोलतात, मला मात्र त्यांच्या फिल्टरचं कौतुक. बाहेरचा मायक्रोवेव्हचा गोंगाट तारेतनं आत येऊ नये म्हणून त्यांनी नळीत तांब्याची पूड भरून त्यातनं तार नेली. तांब्याची पूड! चुगली करणाऱ्यांचं तोंड बंद केलं आणि मोठी वस्तू अलीकडं आली.

हे सगळं ऐकल्यावर शहाणा माणूस एक प्रश्न विचारेलच, की बाबा कोरत कोरत कुठवर जाणार, खाली कुठंतरी खराखुरा हद्दीचा दगड गाडलेला असेल तर? असं मानणारे आहेत, आणि साधे लोक नाहीत. १९८६ मध्ये गिरार्दी, रिमिनी आणि वेबर या तिघांनी मांडलं की मोठ्या वस्तूचं दोन ठिकाणी असणं आपोआप मोडतं, कुणी बघो न बघो. दिओशी आणि पेनरोज यांनी वेगवेगळं सांगितलं की ते मोडण्यामागं गुरुत्वाकर्षण आहे. हे खरं असेल तर अशा मोडण्यात कण थोडे थरथरतील आणि अगदी क्षीण किरण निघतील. ते शोधायला इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात, खडकाखाली, जर्मेनियमचा डिटेक्टर लावून बसले. २०२० मध्ये निकाल आला, या कल्पनेचं जे सगळ्यात साधं रूप होतं त्यात बसतील एवढे किरण सापडले नाहीत. गुंतागुंतीची रूपं अजून शिल्लक आहेत. म्हणजे अक्षरशः जमिनीखाली जाऊन दगड शोधला, जिथं तो असेल असं सगळ्यात आधी वाटलं होतं तिथं नाही मिळाला. अजून खणतायत. माझं मन म्हणतं दगड नसावा, पण माझ्या मनाला लीस्ट काउंट नाही.

शेतातलं राहिलंच की. साहेबांनी दुपारपर्यंत सगळे कोपरे घेतले, टॅबवर काहीतरी जुळवलं आणि मग एका जागी काठी रोवून म्हणाले, इथं. तो बिंदू ना वडिलांनी सांगितला होता ना आप्पांनी, दोघांच्या मधोमधही नव्हता, वडिलांच्या बाजूला थोडा जास्त सरकलेला. वडील गप्प झाले. आप्पांचा चेहरा खुलला, पण दोन मिनिटांनी तेच मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुह्या त्या लिगोवाल्यायकडं लय बारीक मोजायचं यंत्र हाय म्हणं. त्यायला नाही का बोलावता येणार?" मी म्हणलं, आप्पा, ते यंत्र एवढं बारीक मोजतं की त्याला तुमचा बांध दिसणारच नाही, चाऱ्याची एक पेंडी पलीकडं टाकली तरी ते हादरंल. आप्पांना हे पटलं नाही. जिंकल्यावरही माणसाला अजून बारीक मोजून पाहिजे असतं.

संध्याकाळी दगड रोवायला गडी आला. खड्डा साहेबांच्या खुणेवरच खणला, अगदी खिळा ठोकून. आणि दगड आणला तो हातभर रुंद, नदीतला, गोल. गड्यानं तो खड्ड्यात सोडला, पायानं माती दाबली, वर पाणी मारलं. वडील आणि आप्पा दोघंही कमरेवर हात ठेवून बघत होते.

मग वडील म्हणाले, "आता मोजायचं दगडाच्या कुठल्या कडंपासून?"

आप्पा तोवर दगडावर बसले होते. ते उठले, दगडाकडं बघितलं, आणि पुन्हा बसले.